झुंबरबाईची सही

झुंबरबाईचं डाव्या हाताचं मधलं बोट आषाढात सडायला लागलं. काजू कापायच्या मशीनवर बोट पात्याखाली जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. डाव्या हातानं बी पात्यात धरायची, पायानं खालची दांडी दाबायची, उजव्या हातानं दांडा फिरवून टरफल फाकवायचं आणि आतला गर अखंड बाहेर काढायचा. दिवसाला हे तीन हजार वेळा. त्यातल्या एखाद्या वेळी पाय आधी पडतो आणि हात मागं राहतो. टरफलातलं तेल काळं, चिकट आणि जहरी असतं. ते जखमेत गेलं की जखम भरतच नाही. बायका हाताला गोडेतेल चोळून वर राख लावत, तरी कातडी करपायची, सोलायची, पुन्हा यायची, पुन्हा करपायची.

आजऱ्याच्या डॉक्टरनं बोट दाबून पिवळं पाणी काढलं आणि सांगितलं, "महिनाभर हात ह्या तेलात घालायचा नाही. नाहीतर बोट काढावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ती बोटाला पांढरी पट्टी बांधून कारखान्याच्या मॅनेजरसमोर उभी राहिली. त्याचं नाव धैर्यशील. तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, सगळ्या बायकांना मावशी म्हणणारा. मावशी म्हणून म्हणून त्यानं किती जणींनी काढलेल्या गराचं वजन काट्यावर कमी धरलं, ते देवालाच ठाऊक.

"महिनाभर?" तो म्हणाला. "मग बदली बाई द्या की, मावशी."

"मी कुठनं देऊ बदली? कारखाना तुमचा का माजा?"

धैर्यशील हसला. त्या हसण्याचा अर्थ झुंबरबाईला तीन आठवड्यांनी कळला. त्या वेळी तिला एवढंच वाटलं, की बोट सडलेल्या बाईसमोर माणसानं हसू नये.

"मग मी कामच सोडतो," ती म्हणाली. "दोन म्हयन्यांचा पगार ऱ्हायलाय, तेवढा द्या."

"धा तारखेला या."

तिनं मशीन पुसलं, पात्याला तेल लावून ते फडक्यात गुंडाळलं, एप्रन घडी करून दिला. शेडमध्ये बाकीच्या अकरा जणी वर न बघता काम करत होत्या. वर बघितलं की बोट जातं. फक्त आक्का दांडीवरचा पाय थांबवून म्हणाली, "झुंबरे, जपून जा गं, चिक्कल हाय." आक्का सगळ्यांत थोरली. तिचं मशीनही झुंबरबाईच्या शेजारी आणि घरही. दहा वर्षांपूर्वी तिनंच झुंबरबाईला हाताला धरून ह्या कामावर आणलं होतं.

दहा तारखेला पाऊस धरून होता. झुंबरबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन दोन मैल चालत गेली. मनात हिशोब पक्का होता. म्हशीच्या गोठ्यावरचे पत्रे उडाले होते. नवरा, जोतीराम, पाठीच्या दुखण्यानं वाकलेला. तो रोज संध्याकाळी शिडी लावून ताडपत्री ओढायचा आणि सकाळपर्यंत ती पुन्हा लोंबायची. पगारातून पत्रे आणायचे होते.

धैर्यशीलनं खुर्ची दिली. हेच मुळात विचित्र होतं. दहा वर्षांत तिला ह्या ऑफिसात कुणी खुर्ची दिली नव्हती.

"मावशी, तुमचा कसला पगार?" तो म्हणाला. "पगार कामगाराचा असतोय. तुमचं बिल हाय. आणि ठेका मधीच सोडल्यामुळं ते बिल मालकानं अडवलंय."

"कसला ठेका?"

त्यानं कपाटातून फाईल काढली. निळ्या शिक्क्याचा जाड कागद तिच्यासमोर सरकवला. झुंबरबाई सातवी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं. *मी, झुंबरबाई जोतीराम येसणे, ठेकेदार, माझ्या अकरा मजुरांसह काजू कटिंगचे काम उक्ते घेत आहे. मजुरांचा पगार, फंड, बोनस, इजा यांची जबाबदारी माझी राहील.*

खाली तिची सही होती. गोल अक्षरांची, शेवटी एक रेघ ओढलेली. तिचीच. पुढच्या कागदावर पुढच्या वर्षीची. त्याच्या पुढच्यावर यंदाची.

तिच्या कानात पाऊस वाजत होता की रक्त, तिला कळेना.

"मी ठेकेदार कवा झालो?"

"तीन वर्सं झाली की," धैर्यशील म्हणाला. "सही तुमचीच हाय न्हवं?"

घरी येताना ती ओढ्याच्या मोरीवर बसली. पावसातच. सही तिचीच होती, हे खरंच होतं, आणि त्याचीच तिला जास्त धडकी भरली होती.

ते असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात हजेरीचं मशीन आलं. सकाळी अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की हजेरी. पहिले चार-पाच दिवस दिवा कधी लागला, कधी नाही. मग कुणाचाच लागेना. काजूच्या तेलानं अंगठे असे सपाट झाले होते की मशीनला काही दिसतच नव्हतं. बायका अंगठा पदराला पुसायच्या, थुंकी लावायच्या, चुलीच्या राखेनं घासायच्या. मशीन आपलं लाल. पाठोपाठ बँकेतही तेच झालं. पगार खात्यावर जाणार म्हणून बायका खाती उघडायला गेल्या, तिथंही अंगठा उठेना. कारकून म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेल्या की तो तेच म्हणायचा. एका दिवसाची मजुरी बुडवून आजरा गाठायचा आणि कोरडं परत यायचं. आक्का तर बँकेच्या दारातच रडली होती.

तेव्हा बायकांनीच तोड काढली. झुंबरीला सही येते, तिचं जुनं खातं आहे. सगळ्यांचा पगार तिच्या खात्यावर येऊ दे, ती वाटंल. हजेरीही तिनंच वहीत लिहावी. धैर्यशीललाही बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "ब्येस झालं, मावशी. मग ह्या कागदावर सही करा, सोय म्हणून." झुंबरबाईनं सही केली. वाचला नाही, कारण अकरा जणी तिच्याकडं बघत होत्या आणि सही करताना तिला बरं वाटत होतं. आपल्या गल्लीत सही करणारी बाई एकच. ती रेघ जरा लांबच ओढली होती तिनं. पुढच्या दोन वर्षीही त्यानं तसाच कागद पुढं केला आणि तिनं तशीच, न वाचता सही केली.

तीन वर्षं दर महिन्याला तिनं पैसे आणले, ओसरीवर बसून वाटले. रुपयाचा फरक कधी झाला नाही. सुट्टे नसले तर स्वतःचे दोन रुपये घातले, पण कुणाचे ठेवले नाहीत.

दोन दिवसांनी संध्याकाळी अकराच्या अकरा जणी तिच्या ओसरीवर आल्या. कुणी पाणी मागितलं नाही. आक्का पुढं होती आणि तिनं पायरीवरच उभं राहून विचारलं, "झुंबरे, आमचं पैसं दे."

"कसलं पैसं?"

"दोन म्हयन्यांचा पगार. आमाला धैर्यशीलनं सांगिटलंय. तुमची ठेकेदार झुंबरबाई, तिच्याकडनं घ्या म्हणून."

जोतीराम शिडीवर होता. तो तिथंच थांबला, हातात ताडपत्रीचं टोक धरून.

"आक्का, मी ठेकेदार वाटतो व्हय गं तुला?" झुंबरबाई म्हणाली. "तुज्याच शेजारच्या मशीनवर बसतो की मी!"

"त्ये मला म्हायीत न्हाय. कागदावर तुजी सही हाय. त्येनं दाखीवली. आनि पैसं आलं आसतील तर तुज्याच खात्यावर आलं आसतील की."

हे ऐकून झुंबरबाई उठली, आत गेली, ट्रंकेतून पासबुक आणलं आणि मोनाच्या हातात दिलं. मोना ह्या सगळ्यांत धाकटी, दहावी झालेली, लग्न करून चंदगडाकडून इकडं आलेली. काम सोडून गेलेल्या एका बाईच्या जागी ती येऊन सहाच महिने झाले होते.

"वाच. मोठ्यानं वाच."

मोनानं वाचलं. शेवटची जमा वैशाखातली. त्यानंतर काही नाही. पण आधीची पानं होती आणि मोना वाचत गेली तसं ओसरीवर शांत शांत होत गेलं. दर महिन्याला लाखाच्या वर. काढलेले सगळे त्याच दिवशी, पण आलेला आकडा आकडाच. बायकांनी तो कधी एकत्र ऐकलाच नव्हता. त्यांना आपापले आठ-नऊ हजार माहीत.

"एवढं पैसं तुज्या नावावर यायचं?" एकजण म्हणाली.

"तुमालाच वाटले की गं! दर म्हयन्याला. हितंच बसून!"

"व्हय, वाटले," ती म्हणाली. पण ती आकड्याकडंच बघत होती.

आक्का पायरी उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं झुंबरबाईच्या घराकडचं दारच लावून घेतलं आणि मागच्या परसातून ये-जा करायला लागली. दहा वर्षांत हे दार पावसाळ्यात कधी बंद झालं नव्हतं. बोट ठणकत होतं त्याचं काही नाही, पण ते बंद दार सकाळी भांडी घासताना समोर दिसायचं आणि झुंबरबाईला रडू यायचं.

मोना मात्र तिसऱ्या दिवशी आली. एकटी.

"काकी, मी फोनवर बगितलं. कागदावर काय का लिवीना, त्येंच्या मशीनवर, त्येंच्या येळंनं, त्येंच्या हुकुमानं काम केलं की आपुन कामगारच. कोल्लापुरात सरकारी कामगार ऑफिस हाय. अर्ज करूया."

"आगं, सही हाय माजी. तीन-तीन."

"आसू दे की."

"सही केली म्हंजे केली," झुंबरबाई म्हणाली. तिचा स्वतःच्या सहीवर फार विश्वास होता.

शिडीला टेकलेला जोतीराम पहिल्यांदा बोलला. "आनि ह्या बोटाचं काय? ठेकेदाराचं बोट मशीनमदी जातंय व्हय? लिव गं मोना. मी सांगतो तुला."

अर्ज मोनानं लिहिला. नवरा-बायको म्हशीची धार काढून पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला गेले. जोतीराम गाडीत बसू शकत नव्हता, पाठ धरायची, म्हणून दांडा धरून तीन तास उभा राहिला. अर्ज दिला. सव्वा महिन्यानं तारीख पडली. त्या सव्वा महिन्यात बोट भरलं, पण वाकडं भरलं. नख परत आलंच नाही.

तारखेला अकरा जणींनाही बोलावणं होतं. त्याच एसटीत त्या मागं बसल्या, झुंबरबाई पुढं. मोनाच तेवढी दोन्हीकडं जाऊन येऊन होती.

कामगार अधिकारी एक बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, समोर चहाचा अर्धा कप. त्यांनी करारनामा वाचला, पुन्हा वाचला आणि झुंबरबाईकडं बघितलं. "ह्या सह्या तुमच्या?"

"व्हय, माज्याच."

धैर्यशील पलीकडं बसला होता. इथं तो मावशी म्हणाला नाही. "मॅडम, कंपनीला वाद नको आहे," तो म्हणाला. त्याला असं छापील मराठीही येतं हे बायकांना त्या दिवशी कळलं. त्यानं पाकिटातून चेक काढला. "बाराही जणींचे दोन महिन्यांचे पैसे. झुंबरबाईंच्या नावे. त्यांनी ह्या पावतीवर सही करायची, की ठेका संपला, येणंदेणं राहिलं नाही. आत्ता घेऊन जा."

दाराशी उभ्या असलेल्या बायकांत एकदम हालचाल झाली. दोन महिने चूल उसनवारीवर चालली होती आणि त्यानंतर हाती आलेली मजुरी ती फेडण्यातच जात होती. आक्कानं तर बोकड विकला होता. ती आत आली, झुंबरबाईच्या खांद्याला हात लावला. दीड महिन्यात पहिल्यांदा.

"कर गं सही. मिटव. आमचं पैसं तर सुटू देत."

झुंबरबाईनं पेन घेतलं. बाईंनी हात आडवा केला.

"थांबा. आधी ऐका. ही सही केली की तुम्ही ठेकेदार होता हे तुम्हीच कबूल केलं. मग तुमचा दहा वर्षांचा हक्क गेला. आणि उद्या ह्या अकरा जणींचा फंड, बोनस, कुणाचं बोट तुटलं तर त्याची भरपाई, सगळं तुमच्याकडून मागितलं जाईल. कंपनीकडून नाही. नाही केली, तर पैसे आज मिळणार नाहीत. मी चौकशी करून आदेश देईन, त्याला वेळ लागेल. ठरवा."

खोलीत पंखा फिरत होता. झुंबरबाईनं आक्काकडं बघितलं. आक्कानं नजर वळवली नाही. तिला पैसे हवे होते, आणि तिचंही काही चुकत नव्हतं. सही केली असती तर संध्याकाळी आक्काचं दार उघडलं असतं. झुंबरबाईला त्या घडीला पैशापेक्षा, पत्र्यापेक्षा ते दारच हवं होतं.

"आक्का," ती म्हणाली, "मी आत्ता सही केली, तर उद्या तुजा हात मशीनमदी गेला की तू माज्या दारात येणार. आनि माज्याकडं काय हाय गं? दोन म्हशी."

आक्का मागं सरून दाराशी गेली.

झुंबरबाईनं पेन खाली ठेवलं. "सही न्हाय करत मी. ह्या सहीनंच घात केलाय. बाई, माजा जबाब घ्या. त्येच्यावर मी अंगठा लावतो."

"तिला सही येते, मॅडम," धैर्यशील घाईनं म्हणाला. "अंगठा कशाला?"

"लावू दे," बाई म्हणाल्या.

जबाब लिहून झाला. शाईचा डबा आला. झुंबरबाईनं अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. उचलला तेव्हा खाली एक काळा डाग होता. नुसता डाग. बाईंना वाटलं शाई जास्त झाली. त्यांनी फडकं दिलं, पुसायला लावलं, पुन्हा घेतला. पुन्हा डाग. एक रेघ नाही.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"दुसरा हात?"

दुसराही तसाच.

"तुम्ही या," बाईंनी दाराकडं बोट केलं. मोना आली. सहा महिन्यांची कामगार ती. तिच्या अंगठ्याच्या कडेला दोन-तीन रेघा उरल्या होत्या, मध्ये काही नाही. मग एकेक करत बाकीच्या. शेवटी राहिली आक्का. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत कागदावर काळ्या डागांची ओळ लागलेली तिला दिसत होती. ती हळूच पुढं आली, कुणाकडं न बघता अंगठा लावला आणि झुंबरबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आता तुम्ही," बाई धैर्यशीलला म्हणाल्या.

"मी कशाला?"

"हजर होतात म्हणून. लावा."

त्यानं लावला. बाईंनी कागद उचलून बराच वेळ बघितला. ठेकेदाराचा डाग कुठला आणि मजुरांचे कुठले, हे त्यावरून सांगता येत नव्हतं. मग करारनामा बाजूला ठेवला आणि लिहायला घेतलं. सात दिवसांत प्रत्येकीचा पगार प्रत्येकीच्या हातात, ह्या ऑफिसात, अधिकाऱ्यासमोर द्यायचा. करार खरा की खोटा, दहा वर्षांचं बाकी येणं किती, ह्याची सुनावणी पुढच्या महिन्यात. हजेरीचं मशीन आणि काट्याची वही घेऊन मालकानं स्वतः यायचं. चेक त्यांनी धैर्यशीलकडं परत सरकवला. तो घेताना त्याच्या अंगठ्याची शाई चेकला लागली.

बायका आपापसात बोलायला लागल्या. सात दिवस म्हणजे कुठला वार, एसटी किती वाजता, पुन्हा मजुरी बुडणार. आक्का म्हणाली, "झुंबरे, चल गं, गाडी जाईल."

झुंबरबाई टेबलापाशीच उभी होती. कागदावर शेवटचा ठसा धैर्यशीलचा होता. भातखाचराच्या बांधांसारख्या बारीक बारीक रेघा, एकातून एक वळत गेलेल्या, मध्ये गोल फिरलेल्या. तिनं वाकून बघितलं. मग स्वतःचा काळा अंगठा त्याच्या शेजारी धरला.

"बाई," ती म्हणाली, "येवड्या रेगा आसत्यात माणसाच्या बोटाला?"

बाईंनी मान हलवली.

"आमच्याबी व्हत्या की हो," झुंबरबाई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं रडायला लागली.